मान वर करून बोला

आमच्या वन्संशी बोलायचं तर मान वर करून बोलावं लागतं. भांडी घासता घासता, कपडे वाळत घालता घालता, पाठ फिरवून काही सांगितलेलं त्यांना चालत नाही. "मान वर कर आणि बोल," म्हणतात, आणि आवाज असा की समोरच्या बिऱ्हाडातली माणसंही मान वर करतात. आमच्या कापडाच्या कारखान्यात त्यांना 'तोफ' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण त्यांना ते माहीत आहे, आणि मला तर वाटतं, मनातून आवडतंही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं, आणि अजूनही त्याच्या ताटात काय पडलं ते माझ्याआधी त्या बघतात. मधे त्यांचंही लग्न झालं होतं. वर्षाच्या आत परत आल्या. का आलात असं विचारलं की सांगतात, "तिथे माग नव्हते." त्यापुढे एक अक्षर नाही. मी नवी होते तेव्हा खोदून विचारून पाहिलं, मग नाद सोडला. दगडाला पाझर फुटेल, पण वन्संना नको त्या विषयावर बोलतं करणं माझ्या बापाला जमायचं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवसापासून त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. जेवताना, बोलताना, हसताना. दातात काही अडकलंय की काय म्हणून मी आरशात जाऊन जाऊन बघत होते. शेवटी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, त्यांच्या खात्यातल्या सगळ्या बायका तशाच बघतात. तूही बघशील."

आणि तसंच झालं. वन्संनी मला विणकाम खात्यात लावलं. पत्र्याच्या उंच छपराखाली मागांच्या रांगा, प्रत्येक मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत असतो, आणि असे शंभरावर माग एकाच वेळी चालतात. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो दाढांमध्ये बसतो. तिथे ओरडून काही उपयोग नाही. म्हणून आमच्या खात्यातल्या बायका आवाज न काढता बोलतात. ओठ मोठे हलवायचे, चेहरा समोर ठेवायचा आणि जोडीला हात. दोन रांगा सोडून उभ्या असलेल्या बाईला मी माझ्या सासरच्या सगळ्या कागाळ्या सांगू शकते, आणि मधे उभ्या असलेल्या सुपरवायझरला गंधही लागत नाही. सुपरवायझर आला की दोन्ही हात कमरेच्या पट्ट्याला लावायचे, कारण त्याची पँट कायम घसरते आणि तो ती कायम वर ओढतो. मोठे साहेब आले की डोक्यावरून तळहात फिरवायचा. का ते सांगायला नको.

हे सगळं वन्संनीच शिकवलं. चुकलं की खांद्यावर चापट. "ओठ शिवून बोलू नकोस, तुझं तोंड आहे, पाकीट नाही." महिनाभरात मी शिकले, आणि घरी माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला शिकवली नाही, ती मी आपली आपण हेरली. वन्संचे कान गेले होते. दारावरची घंटा वाजायची, त्या दाराशीच उभ्या, आणि दार उघडायचं नाव नाही. मागून हाक मारावी तर ढिम्म. समोर जाऊन बोलावं तर शब्द न शब्द बरोबर. खात्यात कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता, तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. आणि घरीदारी लोकांना वाटायचं, बाई तापट आहे, लक्ष देत नाही. तापट माणसाला कोणी बहिरं म्हणत नाही. वन्संनी तो तापटपणा छान वाढवून ठेवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही ती मूठ झाकूनच ठेवली. त्यांच्याशी याबद्दल कधी बोलले नाही आणि दुसऱ्या कोणाशी तर नाहीच.

झाकायचं कारण होतं. आमच्या शेवटच्या रांगेतली एक बाई, तिला आम्ही 'कोपऱ्यातली' म्हणायचो, तिने भोळेपणाने सुपरवायझरला सांगून टाकलं की मला हल्ली कमी ऐकू येतं. त्याने मोठ्या मायेने तिला दुसऱ्याच दिवशी पॅकिंगला पाठवलं. तिच्या भल्यासाठी म्हणे. पॅकिंग म्हणजे मागच्या बाजूची बुटकी खोली. कापडाच्या घड्या घालायच्या, दोरी बांधायची. प्रत्येकीचं टेबल भिंतीला लावलेलं, एकीला दुसरीचं तोंड दिसत नाही. वन्सं तिला एकदा भेटून आल्या. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "ती आता भिंतीशी बोलते." आणि ताट बाजूला सारलं.

तर अशा दिवसांत आमच्याकडे गोष्टवाली आली.

ती विद्यापीठातून आली होती. तिच्याआधीही लोक येऊन गेले होते, प्रश्न घेऊन. तुम्हाला कामाचा त्रास होतो का, नेहमी होतो, कधीकधी होतो, कधीच होत नाही. आम्ही आपलं 'कधीच नाही' म्हणून मोकळ्या व्हायचो, कारण तिकडे माग थांबलेले असायचे. हिने प्रश्न आणलेच नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयही तिला नव्हती. पहिल्याच दिवशी तिने सरळ सांगितलं, की मागांच्या आवाजाचं बायकांच्या आयुष्यात काय होतं ते मला शोधायचंय, कारखान्याने परवानगी दिली आहे, आणि शेवटी जे निघेल ते मोठ्या साहेबांसमोर मांडायचं आहे. "पण तुमच्याबद्दल मला काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "मी एका गोष्टीची सुरुवात सांगते. पुढची तुम्ही सांगा. स्वतःबद्दल विचारलं की माणूस सोयीचं तेवढं सांगतो. दुसऱ्या बाईच्या गोष्टीत तो मनातलं बोलून जातो."

मला ते पटलं. शेजारणीबद्दल बोलताना मी स्वतःबद्दल किती सांगून टाकते ते मला माहीत आहे.

आम्हा सातजणींना तिने सुट्टी झाल्यावर बसवलं, तेही सुपरवायझरच्या केबिनशेजारच्या खोलीत, कारण तीच तेवढी रिकामी होती. भिंतीला कान असतात म्हणतात. ही तर भिंतही नव्हती, प्लायवूड होतं, आणि वर छपरापर्यंत पोचलेलंही नव्हतं. मधे टेबलावर आवाज टिपणारं छोटं यंत्र. गोष्टवालीने सुरुवात केली.

"एक बाई होती. मागावर काम करायची. एका सकाळी तिच्या मुलीने तिला मागून हाक मारली. तिला ऐकूच आली नाही. मुलगी रडत समोर येऊन उभी राहिली. मग काय झालं?"

माझी नजर, नको म्हणत असताना, वन्संकडे गेली. बाकीच्या जमिनीकडे बघत होत्या.

शांत खोलीत बसून बोलायची आम्हाला सवयच नाही. पहिली बोलली ती कांडीवाली, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरते ती, आणि ती इतकी मोठ्याने बोलली की गोष्टवालीने दचकून यंत्र लांब सरकवलं. सगळ्या हसलो. पलीकडे कोणीतरी चहाच्या कपात चमचा फिरवत होतं. तो चमचा थांबला.

आम्हीही थांबलो. मग कांडीवालीने अगदी हळू, खाली मान घालून गोष्ट पुरी केली. ती बाई दमली होती. तिने साहेबांना सांगितलं, मला हलकं काम द्या. साहेबांनी दिलं. ती सुखी झाली.

दुसरीच्या गोष्टीतही ती दमली, साहेबांनी तिला हलकं काम दिलं आणि ती सुखी झाली. तिसरीने तिला खिडकीत बसवून नातवंडांच्या हातून पाणी पाजलं. चौथीच्या गोष्टीत तर साहेब स्वतः तिची चौकशी करायला घरी आले. सगळ्यांच्या गोष्टीत साहेब देवमाणूस. माझी पाळी आली तेव्हा मीही त्या बाईला पॅकिंगला पाठवलं, वर बसायला गादीची खुर्ची दिली. काय करणार, चमचा अजून थांबलेलाच होता.

वन्सं मधेमधे डाफरत होत्या, "मान वर करून बोला गं, काय पुटपुटताय." कोणी मान वर केली नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला गोष्टी येत नाहीत." गोष्टवालीने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि आग्रह केला नाही.

काही दिवसांनी ती आमच्या घरीच आली. तिच्या कामाची रीत अशी, की सगळ्यांच्या गोष्टी मिळून एक गोष्ट करायची आणि साहेबांना दाखवायच्या आधी ती सांगणाऱ्यांना वाचून दाखवायची. बाकीच्यांना दाखवून झाली होती. सगळ्यांनी छान आहे म्हणून सांगितलं होतं. वन्सं स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, मी ओट्याशी. ती कागद तोंडासमोर धरून वाचायला लागली.

वन्संनी हात पुढे करून कागद खाली ओढला. "मान वर करून बोल."

गोष्टवाली थबकली. वन्संची नजर कुठे आहे ते तिने बघितलं. तिला कळलं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती एक एक वाक्य वाचायची, मान वर करायची आणि वन्संकडे बघून सांगायची. शेवट असा होता: 'आता ती घड्या घालते. तिला हवी होती ती शांतता तिला मिळाली आहे.'

"ही कोण बाई?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्हा सगळ्यांची मिळून केलेली, मावशी."

"आमच्यात असली बाई नाही. असती तर मी तिला मागाला बांधून ठेवली असती."

मला वाटलं, आता ही पोरगी रागावेल किंवा रडेल. ती हसली. "मलाही तेच वाटतंय. सहाजणींनी गोष्ट सांगितली, तर सहा शेवट निघायला हवेत. निदान चार. इथे एकच निघाला. अशा वेळी एक तर सगळ्यांची आई एक असते, नाहीतर भीती एक." तिने कागदाची घडी घातली. "चूक माझी आहे. खोली मी निवडली."

मी हात पुसले आणि विचारलं, "हीच गोष्ट साहेबांसमोर वाचली तर?"

"तर ते म्हणतील, बायकाच सांगतायत की आम्हाला मागांवरून काढा. तुम्ही सांगितल्याशिवाय मी काही बदलू शकत नाही. गोष्ट तुमची आहे."

वन्सं बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिल्या, ते मिटल्यावरसुद्धा. मग म्हणाल्या, "उद्या खात्यात ये. माग चालू असताना."

ती आली, कानांत कापूस घालून. तिच्या यंत्रात दिवसभराची नुसती खडखड भरली गेली, तिचा काही उपयोग झाला नाही. पण वन्संनी हात उंच करून तिची तीच सुरुवात सगळ्या रांगांना दिली. एक बाई होती, मुलीने हाक मारली, तिला ऐकू आली नाही. पुढे?

काय सांगू. त्या दिवशी आमच्या खात्यात जेवढ्या गोष्टी झाल्या तेवढ्या कधी झाल्या नसतील. खोलीत खाली मान घालून पुटपुटलेली कांडीवाली, तिची बाई साहेबांचा हात धरून त्यांना मागांच्या मधोमध उभं करते आणि सांगते, कामाची पाळी संपेपर्यंत हलायचं नाही. दुसरीच्या बाईने सगळ्या घराला ओठांनी बोलायला शिकवलं, आणि मग सासूचं तिला आवडेल तेवढंच 'ऐकू' यायला लागलं. एकीची बाई सरळ बस ड्रायव्हरबरोबर पळून गेली. कानांचा त्यात काय संबंध, असं मी खुणेने विचारलं. ती म्हणाली, संबंध नाही, पण गोष्ट माझी आहे. सुपरवायझर आमच्या मधून पँट ओढत दोनदा फिरून गेला. त्याला दिसलं ते एवढंच, की बायका कामात आहेत. प्रत्येक सुट्टीत मी नळाशी उभी राहून गोष्टवालीला सगळं आवाजात सांगत होते, आणि ती भराभरा लिहून घेत होती.

मग वन्संनी हात वर केला. त्यांच्या चार मागांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं, आणि सुरुवात केली. 'एक बाई होती' त्या म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, 'मी.'

'माझे कान गेले. मुलगी मला नाही. माझी भावजय मला मागून हाका मारते. मला ऐकू येत नाहीत, हे तिला माहीत आहे. तिने कोणाला सांगितलं नाही.'

मी माझ्या मागाचा दांडा घट्ट धरला. इतकी वर्षं एका घरात राहून त्या मला हे कधी बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या त्या भर खात्यात, सगळ्यांसमोर. मला रडू आलं. रडूही आलं आणि रागही आला, की घरी पाटावर बसून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. दोन-तीन मागांवर धागे तुटले, कोणाचं लक्षच नव्हतं. आणि मग कांडीवालीने मला खुणावलं, 'मला वाटलं, मला एकटीलाच माहीत आहे.' तिच्या पलीकडची म्हणाली, 'मलाही तसंच वाटलं.' रांगेच्या शेवटापर्यंत तेच. सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकीने एकटीने झाकून ठेवलं होतं.

शेवट मात्र वन्संनी सांगितला नाही. म्हणाल्या, 'शेवट साहेबांसमोर.'

घरी जाताना मी त्यांना अडवलं, समोर उभी राहिले आणि म्हटलं, "वन्सं, तिथे बोललात तर दुसऱ्या दिवशी पॅकिंग. कोपऱ्यातलीचं काय झालं बघितलंत ना?"

"भिंतीशीच बोलायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर आधी साहेबांशी बोलून बघते."

जेवणाच्या हॉलमध्ये बैठक झाली. माग बंद होते. मोठे साहेब मधे, बाजूला सुपरवायझर, समोर बाकांवर आम्ही. गोष्टवाली उठली आणि म्हणाली, की माझ्याकडे दोन गोष्टी आहेत, एक बंद खोलीत सांगितलेली, एक खात्यात सांगितलेली. पहिली तिने वाचली. दमलेली बाई, हलकं काम, शांतता. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. "किती समजूतदार बायका आहेत," ते म्हणाले. "आपणही हाच विचार करत होतो. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना आराम."

"दुसरी मी वाचू शकत नाही," गोष्टवाली म्हणाली. "ती आवाजात सांगितलेलीच नाही. सांगणारी इथे आहे."

वन्सं उठल्या. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी हातात घेतला आणि बोलायला लागल्या. आवाज नाही, नुसते ओठ आणि हात. त्या बाईने मागावर किती वर्षं काढली, तिच्या हाताखाली कोण कोण शिकलं, कापडात एक धागा चुकला तर तिला तो बोटांना कसा कळतो, कोपऱ्यातलीचं तोंड आता कसं झालंय, सगळं. आम्ही गालात हसत होतो, डोळे पुसत होतो, मधेच कोणी ओठांनी जबाब देत होतं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, म्हणजे ज्याला ऐकू येतं त्याला. सुपरवायझर इतकी वर्षं आमच्यात वावरलेला, पण त्याला त्यातलं फक्त एक कळलं. वन्संनी दोन्ही हात कमरेला लावले, तसे त्याचे हात आपोआप पट्ट्याकडे गेले. सगळा हॉल फुटला.

मोठे साहेब चुळबुळले. टेबलावर पुढे वाकून, वन्संकडे बघून ते म्हणाले, "बाई, जरा मोठ्याने सांगा. आम्हाला काही ऐकू येत नाहीये."

वन्संनी ते बरोबर वाचलं. मग आपल्या तोफेच्या आवाजात आमच्याकडे वळून म्हणाल्या, "साहेबांना ऐकू येत नाही गं. त्यांना पॅकिंगला बसवा."

कोणी हसलं नाही.

"मलाही येत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. माझं कापड काढून बघा, त्यात दिसतंय का. माझे कान या मागांनी घेतलेत साहेब, मी कुठे पाडून आले नाही. आता मागही घेणार म्हणता. मी देणार नाही. आणि कान तपासायचे तर माझ्या एकटीचे नाही. सगळ्यांचे तपासा. तुमच्यापासून."

त्या खाली बसल्या. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं, विचार करू म्हणाले आणि निघून गेले. मला वाटतं, हल्ली बैठका संपवायची पद्धत सगळीकडे हीच असेल.

विचार त्यांनी लगेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर आला आणि वन्संच्या समोर उभा राहून, मान अगदी वर करून, म्हणाला, "आजपासून पॅकिंग." निदान एवढं तरी तो शिकला. वन्संनी एकेक करून आपले चारही माग बंद केले. रुमाल झटकला आणि चालायला लागल्या. मी माझे माग बंद केले आणि त्यांच्या मागे निघाले. मागे वळून बघितलं तर कांडीवाली येत होती. तिच्या मागे तिच्या पलीकडची. मग सगळी रांग, मग पुढची रांग. शेवटचा माग थांबला तेव्हा छपरावर पाखरं चालतात त्यांचे पाय वाजतात हे मला पहिल्यांदा कळलं.

पॅकिंगच्या बुटक्या खोलीत आम्ही मावेनाच. निम्म्या बाहेर अंगणात. कोपऱ्यातली भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली आणि तिने वन्संचा हात धरला, तो सोडलाच नाही.

"तुम्ही सगळ्या कशाला आलात?" सुपरवायझर ओरडला.

कांडीवालीने कानामागे हात धरला. "काय?"

"जा म्हणतो मागांवर."

"काय म्हणताय?" दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली. मी म्हणाले, "आम्हालाही ऐकू येत नाही. मान वर करून बोला ना, साहेब."

खोटंच म्हणाले मी. सगळ्याच म्हणाल्या. पण त्या दिवशी इतकं सुंदर खोटं आमच्या तोंडी कोणी दिलं होतं कोण जाणे. दुपारपर्यंत एकही माग हलला नाही. मग मोठे साहेब आले, डोक्यावरून हात फिरवत, खरोखरच, आणि म्हणाले, की तपासणी होईपर्यंत सगळ्या आपापल्या जागी. सगळ्यांची तपासणी होईल. हो, कोपऱ्यातलीही तोवर मागावर.

तपासणीची गाडी आली. गाडीत एक कपाटाएवढी खोली, काचेचं दार. कानांना यंत्र लावायचं, आत आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारी मुलगी चटपटीत होती. वन्सं आत गेल्या आणि पटकन बाहेर आल्या. मुलगी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माहीत आहे."

मग माझी पाळी. मी अगदी निवांत होते. आमच्या घरातली दारं मी उघडते, हाका मी ऐकते, वन्संचे कान म्हणजे मीच. बटणावर अंगठा ठेवून बसले. एक आवाज आला, दाबलं. दुसरा आला, दाबलं. मग काहीच नाही. मला वाटलं, यंत्र अडकलं. मग पुन्हा एखादा. पुन्हा कितीतरी वेळ काहीच नाही. मी काचेतून त्या मुलीकडे बघितलं, पण ती खाली मान घालून काम करत होती. शेवटी तिने दार उघडलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं कसं? अर्धा वेळ तर यंत्र बंदच होतं तुमचं."

तिने माझ्याकडे बघितलं. "बंद नव्हतं, ताई."

गाडीच्या पायऱ्या उतरून मी बाकावर येऊन बसले. पुढे कळलं, की आमच्या खात्यात धडधाकट कानांच्या जेमतेम तिघीचौघी निघाल्या, त्याही नव्या. सुपरवायझरचाही एक कान अर्धा निघाला. एवढ्यांना पॅकिंगला बसवलं असतं तर पॅक करायला कापडच उरलं नसतं. वन्सं आपल्या चार मागांवरच राहिल्या, कोपऱ्यातलीही परत गेली नाही. जे कान उरलेत त्यांच्यासाठी जाड आवरणं आली, ती आम्ही घालतो. ओठ उघडेच असतात, त्यामुळे बोलण्यात काही अडचण येत नाही. पण त्या दिवशी बाकावर मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपली जमिनीकडे बघत बसले होते. मला आठवत होतं, की घरी टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून माझी धाकटी मुलगी माझ्यावर ओरडते आणि मी तिला उद्धट म्हणते. मला वन्संच्या हाका आठवत होत्या. त्या खरंच थोड्याच वेळा मारायच्या, की मीच थोड्या ऐकल्या?

गुडघ्यावर चापट बसली. वन्सं शेजारी होत्या. आजूबाजूला काही आवाज नव्हता, मागही बंद होते, तरी त्या ओठांनीच बोलल्या.

'मान वर कर.'

मी केली, आणि त्यांना सांगितलं.